एका पानावर एकच परशराम

मंगळवारी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी यल्लाप्पा परशराम पाटील यांनी आमच्या संगणक वर्गाचे दार आतून कडी घालून बंद केले आणि दाराला पाठ लावून ते उभे राहिले.

"कुणीबी भायेर जायचं न्हाय," ते म्हणाले. "माझ्या पानावरचा मानूस बदललाय. ज्यानं बदलला त्यो आतच हाय."

आत आम्ही पाच जण होतो. शिकवणाऱ्या अश्विनी मॅडम आणि चार विद्यार्थी. चारही विद्यार्थी निवृत्त. त्यांतले एक स्वतः पाटील असल्यामुळे संशयित चार उरले. पाटलांनी मॅडमनाही त्यात धरले होते. त्यांनी स्वतःला वगळले होते की नाही, याची त्या वेळी खात्री करता आली नाही.

हा वर्ग सीमाभागातल्या आमच्या शहरात, टिळकवाडीतल्या एका वाचनालयाच्या माडीवर मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते साडेअकरा भरतो. अश्विनी मॅडमची कंपनी परदेशातली, काम दुपारनंतर सुरू होते. सकाळी मोकळा वेळ असतो म्हणून त्या आम्हाला वेबपान करायला शिकवतात. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय लिहायचे नाही, ही सवय अजून गेलेली नाही. पाटलांबद्दल पुढे जे लिहिले आहे त्यातले काही मी पाहिले, काही त्यांनी सांगितले. जे नुसते सांगितले, तिथे तसे म्हटले आहे.

पाटील आण्णा मूळचे जवळच्या कंग्राळी गावचे. नंदगडच्या बाजूच्या एका हायस्कुलात हेडक्लार्क म्हणून सारी नोकरी झाली. शाळेत प्रत्येक मुलाला एक रजिस्टर नंबर असे. मूल शाळा सोडून गेले, मोठे झाले, मेले, तरी तो नंबर दुसऱ्याला मिळत नसे. आपल्या हातून एक नंबर दोघांना गेल्याचा एकही प्रकार घडलेला नाही, असे आण्णा ओळख होताच पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. ओळख न होताही सांगतात.

त्यांची आवडती सूचना एकच: "नाव ऱ्हाऊ द्या, खूण सांगा."

पहिल्या दिवशी मी त्यांना माझे नाव सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि हेच वाक्य टाकले. मी हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो तपासला, बोट लावून पाहिले आणि वहीत नोंद केली. पुढे आठ दिवस ते मला नावाने हाक मारण्याआधी हनुवटीकडे बघत.

फोन आला तरी हीच चौकशी. "पाटील बोलतोय" असे कुणी म्हणाले की आण्णा विचारत, "कंग्राळीत एस्टी थांबवून पाटील म्हणून हाळी दिली तर अर्धी गाडी उतरतीया. तुमी त्यातलं कंचं?" वाचनालयाच्या दाराशी सोडलेल्या चपलांपैकी आण्णांची ओळखू यायची. दोन्ही अंगठ्यांवर तांबड्या नेलपॉलिशने आकडे होते, डाव्या चपलेवर एक, उजवीवर दोन. डावी-उजवी तशीही कळते, असे विमल आक्का एकदा म्हणाल्या. त्यावर आण्णा म्हणाले, "तुमास्नी कळतंय. चोराला कळाय पायजे, की ती मोजून ठेवल्यात."

विमल आक्का म्हणजे आमच्या सहविद्यार्थिनी. कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्या पाककृतींचे पान करत होत्या. आण्णांच्या शेजारचा संगणक त्यांचा, त्यामुळे आण्णांचा पहिला संशय कायम त्यांच्यावर. आण्णा टाइप करताना खांद्यावरचा टॉवेल पडद्यावर टाकत आणि एका बाजूने आत डोकावून काम करत. लांबून बघणाऱ्याला ते वाफ घेत आहेत असे वाटे.

"काय लपवून ठेवलाय एवढं, आण्णा?" आक्का विचारत.

"तुमचं तुमी बगा की. करपलं बगा तुमचं थालपीट."

वर्गाच्या चौथ्या आठवड्यात मॅडमनी आयडी शिकवला. पानावरच्या कुठल्याही भागाला, म्हणजे एखाद्या मथळ्याला, परिच्छेदाला, चित्राला, आपण एक नाव देऊ शकतो. ते नाव त्या पानावर त्या एकाचेच. नावात मोकळी जागा सोडायची नाही, शब्दांच्या मध्ये आडवी रेघ द्यायची. मग वर यादीत लिंक दिली, की त्या लिंकवर बोट ठेवताच पान घसरत थेट त्या भागापाशी जाते.

मला हा धडा साधा वाटला. आण्णा मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले. आयुष्यभर ज्या तत्त्वासाठी आपण एकटे झगडलो ते तत्त्व संगणकालाही मान्य आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळले असावे.

"एकाला एकच?" त्यांनी विचारले.

"एकच, काका."

"आनि दुसऱ्यानं त्योच घेतला तर? कोन धरतंय?"

"कुणी धरत नाही," मॅडम म्हणाल्या. "ब्राउझर तक्रार करत नाही. वरून खाली बघत येतो, पहिला सापडतो त्याच्याकडं नेतो. खालचा तसाच राहतो."

आण्णांनी खुर्ची पडद्यापासून मागे ओढली.

"म्हंजे गप बसतंय," ते म्हणाले. "त्याला ठाव असतंय, खरं बोलत न्हाय."

आमच्याकडे 'खरं' हा शब्द 'पण' या अर्थाने चालतो. आण्णांनी तो त्या दिवशी ज्या सुरात म्हटला, त्यावरून ब्राउझरचे नावही संशयितांच्या यादीत चढले, हे सगळ्यांच्या लक्षात आले.

पुढच्या तासाला त्यांनी एक लांबडी वही आणली. रकाने आखलेले होते: अनुक्रमांक, आयडी, कोणास दिला, पानावरची ओळ, दिल्याची तारीख, देणाराची सही. सही करणारे तेच. प्रत्येक आयडी आधी वहीत चढायचा, मगच संगणकात. त्यांनी मथळ्याला आयडी दिला. परिच्छेदांना दिला. दोन परिच्छेदांमधल्या रिकाम्या रेघेलाही दिला. मॅडमनी सांगून पाहिले, की बऱ्याच गोष्टींना एकसारखे रूप द्यायचे असेल तर क्लास नावाची दुसरी सोय आहे, एकच क्लास कितीही जणांना चालतो.

"नगं," आण्णा म्हणाले. "क्लास म्हंजे घोळका. घोळक्यातच चुकतंय मानूस."

त्याच आठवड्यात विमल आक्कांबरोबर पहिले भांडण झाले. आण्णांनी चहाच्या सुट्टीत त्यांच्या पडद्याकडे पाहिले. त्यांच्या पहिल्या मथळ्याचा आयडी होता, 'पान-मथळा'. आण्णांच्या वहीत एक नंबरला तोच होता.

"ह्यो माझा हाय. मंगळवारचा. सही हाय माझी."

"अहो, तुमचा तुमच्या पानावर, माझा माझ्या पानावर. सुम्न कूड्री," आक्का म्हणाल्या. म्हणजे गप्प बसा.

मॅडमना मध्ये पडावे लागले. आयडी एका पानापुरता एकटा असावा लागतो, दुसऱ्या पानावर तोच चालतो, असे त्यांनी समजावले. आण्णांनी हे ऐकून घेतले, पण पटवून घेतले नाही. "तालुका बदलला की झालं व्हय?" एवढेच ते म्हणाले आणि टॉवेल पुन्हा पडद्यावर टाकला.

त्या टॉवेलखाली काय होते, हे आठवडाभर कुणालाच माहीत नव्हते. मी विचारले तेव्हा "भाऊबंदांचं पान हाय, गावच्या म्हाईला दावणार" असे उत्तर मिळाले. म्हाई म्हणजे गावजेवण. कंग्राळीच्या माझ्या एका जुन्या वार्ताहराला मी फोन करून विचारले. म्हाईची कसलीही तारीख ठरलेली नव्हती, आणि आण्णा काही वर्षांपासून गावच्या कार्यक्रमाला आलेलेच नाहीत, असे तो म्हणाला. गावात त्यांचे घर आहे, पण कुलूप आहे. ते टिळकवाडीत दोन खोल्या घेऊन एकटे राहतात. हे मला विचित्र वाटले. घर असलेला माणूस पाच-सात किलोमीटरवर दोन खोल्या घेऊन का राहतो? मी वहीच्या मागच्या पानावर प्रश्नचिन्ह काढून ठेवले. आण्णांच्या संगतीत मलाही नोंदी ठेवायची सवय लागली होती.

आता पुन्हा त्या मंगळवारकडे. कडी घातलेली, आण्णा दाराशी.

"माझा नातू शाळेतनं यायचाय," विमल आक्का म्हणाल्या. "कडी काढा, आण्णा."

"काडतो. आधी सांगा, माझ्या पानाला हात कुनी लावला?"

"तुमच्या पानाला हात लावायला आधी टॉवेल उचलाय लागतो. टॉवेलाचा वास बघितलासा काय?"

चौथे विद्यार्थी, निवृत्त बँक कर्मचारी, हसले. त्यामुळे संशय त्यांच्यावर गेला. मॅडमनी शांतपणे विचारले, "काका, नेमकं काय झालंय ते दाखवा."

आण्णा दारापासून हलायला तयार नव्हते. शेवटी मी दाराशी उभा राहतो असे ठरले, माझ्या हनुवटीची नोंद असल्यामुळे असावे. आण्णांनी टॉवेल काढला. पान पहिल्यांदाच सगळ्यांना दिसले.

वर सात नावांची यादी होती, खाली त्याच क्रमाने सात परिच्छेद. पणजोबांपासून सुरुवात. चौथे नाव परशराम यल्लाप्पा पाटील. सहावे स्वतः आण्णांचे. सातवे, शेवटचे, पुन्हा परशराम यल्लाप्पा पाटील.

"ह्याच्यावर बोट ठेवा," आण्णा शेवटच्या नावाकडे दाखवत म्हणाले.

मॅडमनी ठेवले. पान घसरले आणि चौथ्या परिच्छेदापाशी थांबले. 'कै. परशराम यल्लाप्पा पाटील. व्यवसाय शेती. कुस्तीचा नाद.'

"बगितलासा? ल्योकावर बोट ठेवलं की माझा बा निगतोय. शुक्रवारपातूर बराबर हुतं."

"शुक्रवारी बघितलं होतं का तुम्ही दाबून?"

"दाबून न्हाय. लिवताना बराबर हुतं."

इथे वाचकांसाठी एक खुलासा. आमच्या भागात नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे. यल्लाप्पाचा मुलगा परशराम. परशरामचा मुलगा आपल्या आजोबांच्या नावाने यल्लाप्पा. त्या यल्लाप्पाचा मुलगा पुन्हा परशराम. एक पिढी सोडून पूर्ण नाव जसेच्या तसे परत येते: नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आण्णांनी सगळे आयडी पूर्ण नावावरून दिले होते.

मॅडमनी वही मागितली. आण्णांनी ती स्वतःच उघडून धरली. अनुक्रमांक चौदाला 'परशराम-यल्लाप्पा-पाटील' होते. अनुक्रमांक एकवीसलाही तेच होते. दोन्हीपुढे आण्णांची सही होती.

बँकवाले काहीतरी म्हणणार होते, पण विमल आक्कांनी त्यांच्याकडे पाहिले.

"कुणी बदललेलं नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "दोघांना एकच आयडी गेलाय. वरचा आधी सापडतो, म्हणून तिकडं जातंय. साधी गोष्ट आहे. खालच्याच्या नावापुढं दोन लावा. परशराम-दोन. झालं."

मॅडम शेवटच्या परिच्छेदापर्यंत पान खाली सरकवू लागल्या, तेव्हा आण्णांनी पडद्यावर पंजा ठेवला. "ते नगा वाचू," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "आनि दोन नंबर लावनार न्हाय मी त्याला."

त्यांनी संगणक बंद केला, वही पिशवीत घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि स्वतःच कडी काढून गेले. अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती. चपला मात्र त्यांनी उलटसुलट घातल्या, एक उजव्या पायात आणि दोन डाव्या पायात. हे विमल आक्कांनी पाहिले आणि त्या हसल्या नाहीत.

मी मागोमाग निघालो. आण्णांना मी वाटेतल्या रेल्वे गेटपाशी गाठले. फाटक पडलेले होते. मालगाडी यायची होती, म्हणजे वेळ होता.

"चपला बदला," मी म्हणालो.

त्यांनी खाली पाहिले. फाटकाला हात टेकवून त्या बदलल्या.

"पत्रकार मानूस तुमी," मग ते म्हणाले. "मागं लागनारच."

"विचारत नाही. गाडी येईपर्यंत उभा राहतो."

पुढचे त्यांनी सांगितले ते असे. त्यांचे वडील परशराम, म्हणजे आबा, वारल्यावर वर्षभरात मुलगा झाला, म्हणून नाव परशराम. पण घरात त्या नावाने त्याला कुणी हाक मारली नाही. थोरल्यांचे नाव, आजीने उच्चारायचे नाही, आईने उच्चारायचे नाही. सगळे त्याला आप्पा म्हणत. "त्याचं नाव निस्तं कागदावर ऱ्हायलं," आण्णा म्हणाले.

वडिलांच्या नावाने मात्र पत्रे येत राहिली. सोसायटीच्या सभेच्या नोटिसा, कुठले कुठले आवाहन. नाव कमी करा म्हणून आण्णांनी तीनदा अर्ज दिला, तरी येतच राहिली. त्यांचा त्यावरून एक सिद्धान्त तयार झाला. "मेल्याला पत्र लिवनाऱ्यावर इस्वास ठेवू नये. त्याच्या मनात कायतरी हाय." म्हणून ती पत्रे ते उघडत नसत. पुरावा म्हणून वडिलांच्या गठ्ठ्यात दोऱ्याने बांधून ठेवत.

आप्पाने आयटीआय केले, अर्ज केले. एका सरकारी खात्याचे मुलाखतीचे पत्र यायचे होते. रोज पोस्टमनची वाट बघे.

"एक लिफापा आला. मीच घेतला. परशराम यल्लाप्पा पाटील, पाटील गल्ली. टाइप केलेलं. मी म्हटलं, आबाचं. दोरा सोडला, आत घातला, बांदला."

मालगाडी आली. डबे जाईपर्यंत बोलता येत नव्हते. शेवटचा डबा गेला, फाटक उघडले, दुचाक्या आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. आम्ही तिथेच उभे होतो.

चार महिन्यांनी आप्पा खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारून आला. पत्र पाठवले आहे, असे त्याला सांगितले गेले. त्याने घर धुंडाळले. आजोबांच्या गठ्ठ्यात त्याला ते मिळाले.

"मग?"

"मग काय. मी लांब जाऊ नये म्हनून तुमी दाबलासा, म्हनला. मी, आनि दाबनार!" आण्णा माझ्याकडे वळले. "सगळ्या जल्मात माझ्यावर कुनी संशय घेतला न्हवता हो. मी घेत हुतो. मला रागच आला. मी म्हटलं, पोस्टमनची चूक. खात्याची चूक, वय का न्हाय घातलं म्हटलं वर. त्यो पिशवी भरून गेला. निपाणीत मोटार बांदायचं, म्हंजे जळालेल्या पंपाची तार गुंडाळायचं दुकान घातलंय म्हनं. दीड तासाची वाट हाय. नऊ वर्सं झाली."

गावात रोज कुणीतरी "आप्पा कवा येनार?" असे विचारी. ते चुकवायला घराला कुलूप लावून ते टिळकवाडीत आले. माझ्या वहीतले प्रश्नचिन्ह मी त्या दिवशी खोडले.

लिफाफा आहे का, असे मी विचारले. ही जुनी सवय. आण्णांनी पिशवीतून वही काढली. तिच्या पुठ्ठ्याच्या आतल्या कप्प्यात तो होता. एका कडेने नीट फाडलेला. पत्ता त्यांनी सांगितला तसाच होता. आण्णांनी तो गठ्ठ्यात मुद्दाम घातला की चुकून, याची खात्री लिफाफ्यावरून करता येत नाही. मी तो परत दिला.

"आता ते पान त्याला धाडनार हुतो," आण्णा म्हणाले. "मी तोंडानं बोलायला गेलो की भांडान हुतंय. लिवलेलं वाचील. वर आपलं नाव बगील, त्याच्यावर बोट ठेवील. आनि निगनार कोन? आबा! दुसऱ्यांदा त्येच. त्याचं आलेलं पुन्यांदा आबाच्या गठ्ठ्यात."

शुक्रवारी ते आले नाहीत. त्या दिवशी ते कुठे होते हे त्यांनी पुढच्या मंगळवारी सगळ्यांना सांगितले, टॉवेल न टाकता. दोघांपैकी एकाचा आयडी बदलायला हवा होता. शाळेचा नियम असा, की नंबर आधी ज्याला मिळाला त्याचाच. त्या नियमाने आबांचे नाव राहणार आणि मुलाला 'दोन' लागणार. हा निर्णय आण्णांना स्वतःवर घ्यायचा नव्हता. म्हणून ते कंग्राळीला जाऊन देवीला कौल लावून आले.

"कौल? आयडीसाठी?" बँकवाल्यांनी विचारले.

"मग? आबाचं नाव हालवायचं म्हंजे काय मोबाइलाचं शिम हाय? देवीच्या अंगाला दोन फुलं लावली, उजवं आनि डावं. इचारलं, आबाच्या नावाला फुडं कायतरी लावू काय? उजवं पडलं तर व्हय."

"पडलं?"

"पडलं, उजवंच. खरं लई लगीच पडलं. मला शंका आली. पुजाऱ्यानं पानी कमी लावलं आसंल. म्हटलं, पुन्यांदा लाव, माझ्याम्होरं लाव. पुन्यांदा उजवंच. तिसऱ्यांदा फुलं मी भायेरनं घेऊन गेलो."

"आणि?"

"पुजारी म्हनला, पाटील, देवी व्हय म्हनूनशान दमली, आता तुमी घरला जावा."

विमल आक्का इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. आण्णा हसले नाहीत. त्यांनी वही उघडली, अनुक्रमांक चौदा तांबड्या शाईने खोडला, बाजूला सही केली आणि नवीन ओळ लिहिली: 'आबा-पाटील'. मग संगणकात चौथ्या परिच्छेदाचा आयडी बदलला, यादीतल्या चौथ्या लिंकमध्येही तोच घातला. सातव्याला हात लावला नाही. तो 'परशराम-यल्लाप्पा-पाटील' असाच राहिला, त्या पानावर एकटाच.

"आक्का, तुमी दाबून बगा," ते म्हणाले. "माझ्यावर माझा इस्वास न्हाय."

विमल आक्कांनी शेवटच्या नावावर बोट ठेवले. पान आबांना ओलांडून, आण्णांना ओलांडून तळाशी जाऊन थांबले. या वेळी आण्णांनी पंजा ठेवला नाही. आम्ही वाचले. परिच्छेद शाळेतल्या खुलाशाच्या भाषेत होता:

'चि. परशराम यल्लाप्पा पाटील. शिक्षण आयटीआय, फिटर. यांचे नावे आलेला लिफाफा यांचे वडिलांनी स्वहस्ते घेतला. तो न उघडता मयताचे गठ्ठ्यात बांधून ठेवला. त्यामुळे मुलाखत चुकली. सदर बाबतीत पोस्टमन यांची चूक नाही. खात्याची चूक नाही. परशराम यांची कोणतीही चूक नाही. चूक करणाराचे नाव यल्लाप्पा परशराम पाटील. कळावे.'

विमल आक्कांनी चष्मा काढून पुसला. मॅडमनी कोडमध्ये एका ठिकाणी बंद करायची राहिलेली खूण पुरी केली आणि पान इंटरनेटवर चढवले. आण्णांकडे मुलाचा नंबर तीन वर्षांपासून होता, गावातल्या एका भाच्याकडून मिळालेला. तो त्यांनी कधी लावला नव्हता. त्यांनी पानाचा पत्ता त्या नंबरला पाठवला. सोबत एकच ओळ लिहिली: 'शेवटचे नाव दाबणे.' वेळ अकरा वाजून वीस मिनिटे. दोन मिनिटांनी संदेश वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. साडेअकराला वर्ग सुटला तेव्हा उत्तर आलेले नव्हते.

बुधवारी, गुरुवारीही नव्हते. गुरुवारी संध्याकाळी आण्णांनी मला फोन करून विचारले, की फोन उघडणारा तोच आहे हे कशावरून? दुसऱ्या कुणाच्या हातात असला तर? मी म्हणालो, याची खात्री करता येत नाही. "तुमी बी तसलंच," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी दहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी, मॅडम रंगांविषयी सांगत असताना, आण्णांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलून वाचला, पुन्हा वाचला आणि शेजारी विमल आक्कांकडे दिला. आक्कांनी मोठ्याने वाचला.

'ट्रेड चुकलाय. फिटर न्हाय, वायरमन. दुरुस्त करा.'

"वायरमन?" बँकवाले म्हणाले.

"मला फिटर वाटत हुतं," आण्णा म्हणाले. "इतकी वर्सं फिटरच वाटत हुतं."

त्यांनी 'फिटर' खोडून 'वायरमन' केले. वहीत नोंद केली, वेळ घातली, सही केली. मग मुलाला कळवले, 'दुरुस्त केले.'

दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी दुसरा संदेश आला. त्यात आप्पाचा पत्ता होता: घर नंबर, गल्ली, निपाणी आणि पिनकोड. आण्णांनी तो सातव्या परिच्छेदाच्या शेवटी टाइप केला आणि मॅडमना आकडे दोनदा वाचून दाखवायला सांगितले.